कारंज्याचे पाणी वाहत नाही, फिरते

पावसाळ्याची चाहूल लागली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या सूचनाफलकावर डासांविषयीचे पत्रक लागते. कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करा, गच्चीवरचे टायर हलवा, फ्रिजच्या मागचा ट्रे पुसा, आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी कोरडी ठेवा, असे त्यात लिहिलेले असते. पुढे महापालिकेचे कर्मचारी पाहणीला येतात, आणि डासांच्या अळ्या आढळल्या तर सोसायटीच्या नावाने नोटीस निघते. बशा आणि टायर यांचे लोकांना फारसे आश्चर्य वाटत नाही, पण प्रवेशद्वाराजवळच्या शोभेच्या कारंज्यात अळ्या सापडल्या की सगळे गोंधळतात. पाणी हलते आहे, उडते आहे, संध्याकाळी त्यावर रंगीत दिवेही लागतात, मग त्यात डास कसे झाले, हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या सभेतही विचारला गेला होता आणि कारंज्याची जबाबदारी माझ्याकडे असल्याने उत्तर मलाच द्यायचे होते.

त्या उत्तरासाठी मी जे वाचले, प्लंबरला आणि माळीकाकांना जे विचारले आणि सहा वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले, त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. कारंज्याच्या बहुतेक तक्रारी, मग तो पांढरा थर असो, हिरवे पाणी असो, डास असोत की जळालेला पंप असो, एकाच गैरसमजातून येतात. कारंज्याचे पाणी नदीसारखे वाहते असे आपण धरून चालतो, पण ते वाहत नसते. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरत असते.

शनिवारवाड्यातले कारंजे आणि आपले कारंजे

हा फरक समजून घ्यायला शनिवारवाड्यात जावे. तिथे सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे आहे. सवाई माधवराव लहान असताना त्यांच्या मनोरंजनासाठी ते बांधले, असे सांगतात. त्या काळी ना वीज होती ना पंप. शहराला पाणी यायचे ते कात्रजच्या तलावातून. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून घेतला आणि तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून पेठांपर्यंत आणले. वाटेत हवा कोंडू नये आणि गाळ काढता यावा म्हणून जागोजागी उच्छ्वास बांधले होते. हेच पाणी पुढे शहरातल्या हौदांना मिळत असे. त्यांतले बरेच हौद आता उरले नाहीत, तरी फडके हौद आणि साततोटी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत.

कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात असल्यामुळे नळातल्या पाण्यावर आपोआप दाब यायचा आणि अरुंद तोंडातून ते पाणी वर उसळायचे. गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पाण्याच्या रबरी नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार लांब जाते, तसाच हा प्रकार. उसळलेले पाणी खाली पडून पुढे निघून जायचे आणि त्याच्या जागी तलावातून नवे पाणी यायचे. ते कारंजे खऱ्या अर्थाने वाहते होते.

आपल्या सोसायटीतले, दवाखान्याच्या दर्शनी भागातले किंवा दिवाणखान्यातल्या तिपाईवरचे कारंजे तसे नसते. त्यात खाली एक कुंड असते, कुंडात बुडवलेला छोटा पंप असतो, पंप पाणी वर ढकलतो आणि ते पुन्हा त्याच कुंडात पडते. नवे पाणी येत नाही आणि जुने पाणी जात नाही. ते तासाला दहा वेळा फिरले तरी त्यात पडलेली धूळ, पाने, पक्ष्यांची विष्ठा आणि विरघळलेले क्षार तिथेच राहतात. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने ही रचना चांगलीच आहे, परंतु नदी जे काम आपणहून करते ते इथे माणसाला करावे लागते.

पाणी आटते, क्षार आटत नाहीत

कुंडातले पाणी कमी होते ते मुख्यतः वाफ होऊन. वाफ होताना पाणी उडते आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार मागे राहतात. आपण वरून पाणी घालून पातळी भरून काढतो, पण त्या नव्या पाण्याबरोबर त्याचे स्वतःचे क्षारही येतात. आमटी आटली म्हणून प्रत्येक वेळी त्यात साधे पाणी घालण्याऐवजी मिठाचे पाणी घालत राहिलो, तर ती दिसायला तेवढीच राहील आणि चवीला मात्र खारट होत जाईल. कारंज्याचे अगदी असेच होते.

हिशेब करून पाहिला की हे स्पष्ट होते. ३ मीटर व्यासाचे आणि ४० सेंटिमीटर खोलीचे गोल कुंड घ्या. त्यात सुमारे २८०० लिटर पाणी मावते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या कोरड्या हवेत आणि उन्हात रोज १ सेंटिमीटर पातळी उतरली असे धरले, तर रोज जवळपास ७० लिटर पाणी उडाले. ते दररोज भरत गेलो, तर ४० दिवसांत आणखी २८०० लिटर पाणी कुंडात ओतले जाते. पातळी होती तिथेच असते, पण क्षार दुप्पट झालेले असतात. ८० दिवसांनी ते तिप्पट होतात. पाणी डोळ्यांना नितळच दिसत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे भरण्याबरोबरच काढणे. जितके पाणी उडाले साधारण तितकेच तळाकडून काढून टाकत राहिलो, तर क्षार मूळ पाण्याच्या दुपटीवर येऊन थांबतात आणि पुढे वाढत नाहीत. कारखान्यांतले आणि मोठ्या वातानुकूलन यंत्रणांचे पाणी सांभाळणारे लोक हाच हिशेब रोज करतात. क्षार मोजण्यासाठी पेनाएवढे टीडीएस मीटर मिळते. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सर्व पदार्थांचे प्रमाण लिटरमागे किती मिलिग्रॅम आहे याचा आकडा. नळाच्या पाण्याचा आकडा एकदा लिहून ठेवावा आणि कुंडातला आकडा त्याच्या दुपटीच्या पुढे गेला की पाणी बदलावे. छोट्या कारंज्याचे पूर्ण पाणी बदलणे सोपे असते. मोठ्या कुंडाचे दर आठवड्याला थोडेथोडे काढावे.

पाणी कुठले आहे यानेही फार फरक पडतो. खडकवासल्याहून येणारे पाणी सह्याद्रीत पडलेल्या पावसाचे असल्यामुळे सौम्य असते. बोअरवेलचे पाणी मात्र बसाल्ट खडकाच्या भेगांमध्ये दीर्घकाळ राहिलेले असते आणि त्यात क्षार बरेच जास्त असू शकतात. टँकरचे पाणी कुठून भरले यावर अवलंबून असते, म्हणून टँकर आला की मीटर बुडवून पाहिलेले बरे. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून काही जण ते कारंज्यात ओततात. त्यामागची काटकसर मला मनापासून पटते, पण त्या पाण्यात यंत्राने वेगळे काढलेले क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला किंवा गाडी धुवायला ते चालेल, कारंज्याला चालणार नाही. कारंज्याला सगळ्यात उत्तम पाणी म्हणजे गच्चीवरून साठवलेले आणि गाळलेले पावसाचे पाणी, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

तोटीच्या तोंडाशी बसणारा पांढरा थर

क्षारयुक्त पाण्यात कॅल्शियम विरघळलेले राहते ते पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइड वायूच्या आधाराने. सोड्याची बाटली हलवली की वायू फसफसून निघून जातो, तसेच कारंज्यातून पाणी उडताना त्यातला हा वायू हवेत निघून जातो. आधार सुटला की कॅल्शियम चुन्याच्या रूपाने घट्ट होऊन बसते, आणि ते बसते नेमके तोटीच्या तोंडाशी, पाकळीच्या काठाशी आणि पाण्याची रेषा जिथे संपते त्या दगडावर. म्हणून त्याच पाण्याने भरलेल्या साध्या टाकीपेक्षा कारंज्यात पांढरा थर लवकर धरतो.

पहिल्या वर्षी आमच्या कारंज्याच्या बारा तोट्यांपैकी पाच तोट्या बुजल्या तेव्हा मी शिवणाची सुई घेऊन बसले होते. माळीकाका बागेतून आले, त्यांनी एक तोटी हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "ताई, सुई नका घालू. भोक एका बाजूनं खरवडलं की धार कायमची तिरकी जाते." त्यांनी तोट्या काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात टाकल्या. पाच मिनिटांत प्रत्येक तोटीभोवती बारीक बुडबुड्यांची साखळी वर येऊ लागली. तासाभराने त्यांनी जुन्या दातांच्या ब्रशने एकेक तोटी घासली, साध्या पाण्यात दोनदा खळबळली आणि फुंकर मारून आरपार पाहिली. आतली पितळ पुन्हा पिवळी दिसत होती. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी आम्ही हेच करतो. व्हिनेगरही चालते, दोन्ही आम्ले सौम्य आहेत आणि दोन्ही चुन्याचा थर विरघळवतात.

इथे एक महत्त्वाची सावधगिरी आहे. जे आम्ल चुन्याचा थर विरघळवते, तेच चुनखडीचा दगडही विरघळवते. संगमरवर तर चुन्याचाच दगड आहे, आणि पुण्यात घरोघरी असणारी शहाबादी फरशी व काळा कडप्पा हेही चुनखडीचेच दगड आहेत. चकाकी केलेल्या कडप्प्यावर व्हिनेगर सांडले की तिथे कायमचा फिकट, खरखरीत डाग पडतो. म्हणून आम्लाने साफ करायचे ते फक्त काढता येणारे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे भाग, तेही कुंडाबाहेर, बादलीत. दगडावरचा थर ओला करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडावा. दगड कोणता आहे याची शंका असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकून पाहावा. फसफसला तर आम्ल वापरायचे नाही.

पाणी हिरवे का होते?

शेवाळाला तीन गोष्टी लागतात: ऊन, ऊब आणि खत. ऊन आणि ऊब पुण्यात भरपूर आहे, खत आपण पुरवतो. पडलेली पाने कुजली की त्यातून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतात. भक्तिभावाने वाहिलेली फुले आणि पारव्यांची विष्ठा हेही खतच. एका वर्षी आम्ही सोसायटीच्या गणपतीचे विसर्जन कारंज्याच्या कुंडातच केले. मूर्ती शाडूची होती, पर्यावरणाला धक्का लागणार नाही अशीच सर्वांची भावना होती. माती विरघळली, तिचा लगदा तळाशी बसला आणि पंपाच्या जाळीत गच्च भरला. दोन आठवड्यांत पाणी वाटाण्याच्या सूपासारखे दिसू लागले. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती असती तर आणखी एक अडचण झाली असती. ती विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट वापरण्याची पद्धत पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणली आणि ती उपयुक्त आहे, पण त्या प्रक्रियेतून अमोनियम सल्फेट तयार होते, आणि ते शेतात वापरले जाणारे खतच आहे. बादलीत विसर्जन करून ते पाणी पातळ करून झाडांना घालणे योग्य. कारंज्यात ते गेले की शेवाळाचे पीक येणारच.

म्हणून शेवाळावरचा पहिला इलाज रसायन हा नसून जाळी आणि झाडू हा आहे. पाने रोज काढावीत, कारण दोन दिवस भिजलेले पान खत सोडू लागते. नवे कारंजे बांधायचे असेल तर ते दुपारच्या सावलीत, पण झाडाच्या थेट खाली येणार नाही असे बांधावे.

"औषध टाकले की काम भागत नाही का?" असे विचारणारे भेटतातच. काही अंशी भागते. पाण्यात लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन राहिले तर शेवाळ आणि बरेचसे जिवाणू आटोक्यात राहतात. वरच्या २८०० लिटरच्या कुंडात २ मिलिग्रॅमची मात्रा हवी असेल तर साडेपाच ग्रॅमच्या आसपास क्लोरीन लागते. ३० टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर घेतली तर ती २० ग्रॅमपेक्षाही कमी पुरते. म्हणजे दोन-तीन चमचे. मुठीने पावडर टाकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. पावडर थेट कुंडात न टाकता बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळ ओतावी. क्लोरीन उन्हात काही तासांतच उडून जाते, म्हणून ते सूर्यास्तानंतर घालावे आणि पंप रात्री थोडा वेळ चालू ठेवावा. पाने आणि गाळ तसाच असेल तर मात्र सगळे क्लोरीन त्या घाणीवरच खर्च होते आणि पाणी दोन दिवसांत पुन्हा हिरवे होते.

ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नये, एकाच बादलीत एकामागून एकसुद्धा नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, आणि कारंज्याच्या खोलगट कुंडात वाकून काम करणाऱ्या माणसाच्या थेट नाकातोंडात तो जातो. आमच्याकडे या दोन कामांचे वार वेगळे आहेत आणि बादल्यांचे रंगही वेगळे आहेत. मोरचूद टाकण्याचा जुना उपाय शेवाळावर चालतो, पण त्यातले तांबे माशांना मारते. कुंडात मासे असतील तर क्लोरीन आणि मोरचूद दोन्ही वर्ज्य.

"पाणी तर हलत असते, मग डास कसे होतील?"

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही आजार पसरवणारा एडीस इजिप्ती डास साचलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले, तेव्हा या डासाचे नाव घरोघरी पोचले. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात, आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा तो याच कारणासाठी.

खळबळणाऱ्या पाण्यात त्याच्या अळ्या टिकत नाहीत हे खरे आहे. पण आपले कारंजे किती वेळ चालते? वीज वाचवण्यासाठी बहुतेक ठिकाणी ते संध्याकाळी दोन-तीन तास लावतात. उरलेले एकवीस-बावीस तास ते कारंजे नसून उघडा हौद असतो. चालू असतानाही कडेचे कोपरे, दगडांमागच्या फटी, वरच्या थाळीतला खळगा आणि दिव्याच्या खोबणी इथले पाणी जवळजवळ स्थिर असते. माझ्याकडे विजेरी घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याने अळ्या दाखवल्या त्या मुख्य कुंडात नव्हे, दिव्याभोवतीच्या चार बोटे रुंद खोबणीत.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. हा डास अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढले की फुटतात. त्यामुळे कुंड नुसते रिकामे करून पुन्हा भरले तर काम अर्धेच झाले. पाण्याच्या रेषेजवळची वीतभर भिंत खराट्याने किंवा ताठ ब्रशने घासलीच पाहिजे. मोठे कुंड दर आठवड्याला रिकामे करणे शक्य नसेल तर गप्पी मासे सोडता येतात. ते अळ्या खातात, परंतु मग क्लोरीन बंद करावे लागते, आणि हे मासे नंतर ओढ्यात किंवा तलावात सोडून देऊ नयेत, कारण ते तिथल्या स्थानिक माशांच्या मुळावर येतात.

तुषारांतून जाणारा आजार

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या एका मेळाव्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराची साथ आली. कारण असलेला जिवाणू पुढच्या वर्षी सापडला आणि त्याला लिजिओनेला असे नाव मिळाले. हा जिवाणू पाण्यात राहतो, २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात वाढतो, आणि भांडे बरेच दिवस न घासल्यास आतून जसा बुळबुळीत थर धरतो तशा थरात सुरक्षित राहतो. तो पिण्यातून सहसा बाधत नाही. पाण्याचे अतिशय बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले तर बाधतो. शोभेच्या कारंज्यांमुळे, विशेषतः हॉटेल आणि रुग्णालयांच्या आतल्या कारंज्यांमुळे, त्याच्या साथी आल्याची नोंद परदेशांत आहे.

हे वाचून कुणी कारंज्याजवळून तोंड झाकून जावे असे मुळीच नाही. निरोगी माणसाला स्वच्छ राखलेल्या कारंज्यापासून धोका फार कमी असतो. वयस्कर मंडळी, धूम्रपान करणारे, मधुमेही आणि फुप्फुसांचे जुने दुखणे असलेले यांना तो अधिक असतो, आणि सोसायटीच्या कारंज्याभोवतीच्या बाकांवर संध्याकाळी नेमके ज्येष्ठ नागरिकच बसलेले असतात. म्हणून कुंडाच्या भिंतीला हात लावल्यावर ती बुळबुळीत लागली तर ते शोभेपुरते प्रकरण समजू नये. पंप बंद करून, कुंड रिकामे करून, क्लोरीनच्या पाण्याने घासून मगच ते चालू करावे. आठवडाभर बंद राहिलेले कारंजे तेच जुने पाणी उडवत थेट चालू करू नये. पाण्याखाली जुने हॅलोजन दिवे असतील तर ते पाणी तापवतात, तेव्हा त्यांच्या जागी एलईडी बसवावेत. आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले पाणी बागेला ठिबकने देणे वेगळे, ते हवेत उडवणे वेगळे. कारंज्यात ते वापरू नये.

पंप आणि वीज

पाण्यात बुडणारा पंप पाण्यानेच थंड होतो. पातळी उतरून तो उघडा पडला की तापतो आणि जळतो. आमचा पहिला पंप एका मे महिन्यात असाच गेला, सगळे गावाला गेलेले असताना. त्यानंतर आम्ही पातळी उतरल्यावर पंप आपोआप बंद करणारा तरंगता स्विच बसवला. त्याची किंमत पंपाच्या तुलनेत किरकोळ होती. जाळी तुंबली तरी हेच होते, म्हणून धार रोजच्यापेक्षा ठेंगणी दिसली की पंपाला दोष देण्याआधी जाळी धुऊन पाहावी.

पाणी आणि वीज एकत्र असल्यामुळे मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लहान मुलांची, कारण उन्हाळ्यात ती कुंडात हात घालतातच. पंपाच्या जोडणीवर गळती झाल्यास तत्काळ वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असलेच पाहिजे, त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, आणि पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच घ्यावेत. कुंडात हात घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, मग काम एक पान काढण्याचे का असेना. वायरला पाण्याखाली जोड देऊन त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर कारंजे त्याच क्षणी बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

खर्चाचा अंदाजही द्यायला हवा. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप ५०० ते ६०० वॉट वीज ओढतो असे धरले, तर रोज ४ तासांना दोन ते अडीच युनिट लागतात. तिपाईवरचे छोटे कारंजे १५-२० वॉटचे असते आणि ते दिवसभर चालले तरी महिन्याला थोडीच युनिट घेते.

"पाणीकपातीत कारंजे हवेच कशाला?"

हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. धरणांतला साठा उतरून दिवसाआड पाणी येत असेल तेव्हा कारंजे बंदच असावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण इतर वेळी निर्णय अंदाजाने न घेता मोजून घ्यावा. पाणी नेमके कुठे जाते हे पाहण्याची सोपी रीत अशी: बादलीत काठोकाठ पाणी भरून ती कुंडातल्या पायरीवर ठेवावी, बादलीतली आणि कुंडातली पातळी खडूने आखावी आणि पंप बंद ठेवून चोवीस तासांनी पाहावे. दोन्हीकडे सारखीच उतरली असेल तर पाणी फक्त उडाले आहे. कुंडाची जास्त उतरली असेल तर गळती आहे. दुसऱ्या दिवशी पंप चालू ठेवून पुन्हा मोजले की शिंतोड्यांनी किती जाते तेही कळते. आमच्याकडे सगळ्यात जास्त पाणी शिंतोड्यांनीच जात होते. धारेची उंची कुंडाच्या मध्यापासून काठापर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त ठेवली की वाऱ्यावर पाणी बाहेर जाते. आम्ही झडप थोडी आवळून धार दीड हातांनी खाली आणली आणि भोवतालची फरशी संध्याकाळी कोरडी राहू लागली.

क्षार कमी करण्यासाठी काढलेले पाणी गटारात सोडण्याचे कारण नाही. क्लोरीन घातल्यावर दोन दिवस उन्हात गेले असतील आणि कारंजे नळाच्या सौम्य पाण्यावर चालत असेल, तर ते पाणी झाडांना घालता येते. बोअरवेलचे आटलेले पाणी कुंड्यांना नको. ते पार्किंग धुवायला वापरावे.

बंद करायचे तर कसे?

नुसता स्विच बंद करणे म्हणजे कारंजे बंद करणे नव्हे. पाण्याने भरलेले आणि पंप थांबलेले कारंजे हीच त्याची सर्वांत वाईट अवस्था. ते चालू असेल तर पाणी स्वच्छ हवे आणि बंद असेल तर कुंड ठणठणीत कोरडे हवे.

जून महिन्यात आम्ही कारंजे चार महिन्यांसाठी बंद करतो. पाणी काढतो, भिंती आणि खोबणी घासतो, तोट्या लिंबूसत्त्वात घालून धुतो, पंप उघडून त्यातले फिरते चाक साफ करतो आणि पुसून कोरड्या खोलीत ठेवतो. वरच्या थाळ्या पालथ्या घालतो. पाऊस कुंडात पडणारच, म्हणून तळाचे भोक उघडे ठेवतो आणि त्यावर पाने अडकू नयेत यासाठी बारीक तारेची उलटी टोपली बसवतो. एकदा कुणीतरी सद्भावनेने ते भोक बंद केले होते आणि आठ दिवसांत कुंडात घोटाभर पाणी साचले. त्यानंतर माळीकाकांनी रबरी बुचाला लाल दोरी बांधली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते बूच वॉचमनच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलेले असते.